रायफलीची उशी

पहिली गोळी सुटली आणि दुर्बिणीची कड माझ्या भुवईत घुसली. डोळ्यात रक्त उतरलं. समोर तीनशे मीटरवर, टार्गेटच्या खालच्या खंदकातून लाल झेंडी डावी-उजवीकडे हलली. म्हणजे वॉशआउट. गोळी टार्गेटला शिवलीसुद्धा नव्हती.

"वा, कासलेबाई," मागून रणखांब साहेबांचा आवाज आला. "आज कुंकू जरा वर लावलंत."

फायरिंग लाइनवरचे सगळे हसले. माझ्या डाव्या हाताला पालथा पडलेला मुनीर शेख तेवढा हसला नाही, पण त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. रणखांब साहेब आमचे निरीक्षक, रेंजचे धनी. एरवी सगळ्यांना अरे-तुरे करणारा माणूस. अपमान करायचा असला की मात्र अहो-जाहोवर यायचा. ते 'लावलंत' म्हणाले तेव्हाच मला कळलं, की आजचा दिवस माझ्यावर आहे.

मी बाहीने डोळा पुसला. तेवढ्यात शस्त्रागाराचा आर्मरर, म्हणजे रायफली दुरुस्त करणारा आमचा माणूस, धावत आला. त्याने माझ्या हातातून रायफल घेतली, दुर्बीण उजेडाकडे धरली, खिशातल्या फडक्याने काचेवरचं रक्त टिपलं.

"काच वाचली," तो म्हणाला.

हा आर्मरर माझा नवरा. दिगंबर कासले. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता करत नाही, म्हणून इथेही करणार नाही.

"अहो, उशी टोचायली," मी हळूच म्हटलं.

"उशी बरोबर आहे. तुझी मान चुकायली."

त्याने हे जरा मोठ्याने म्हटलं, साहेबांना ऐकू जाईल असं. साहेबांनी मान डोलावली. नवराच सांगतोय म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

ही उशी काय, ते सांगते. आमच्या पोलीस दलाकडे जुन्या अर्धस्वयंचलित रायफली पडून होत्या. चाप ओढला की एक गोळी सुटणार आणि दुसरी आपोआप चढणार, एवढंच त्यांचं कौतुक. त्या वर्षी वरून हुकूम आला की विशेष पथकासाठी नेमबाजांची एक जोडी तयार करा. जोडीतला एक गोळी झाडणारा, दुसरा त्याच्या शेजारी पालथा पडून अंतर आणि वारा सांगणारा. नव्या रायफली काही मिळणार नव्हत्या. जुन्यांतल्याच चांगल्या निवडायच्या, त्यांवर दुर्बीण बसवायची, चाप हलका करायचा आणि ज्याच्या हातात द्यायची त्याच्या अंगाला ती बेतायची. हे काम दिगंबरचं. कामात तो खरोखर वस्ताद होता, ते मी नाकारत नाही. कोठारातली एकूण एक रायफल त्याने स्वतः पालथं पडून झाडून पाहिली आणि ज्यांच्या गोळ्या एकमेकींना धरून पडल्या त्याच बाजूला काढल्या.

दुर्बीण रायफलीच्या डोक्यावर बसते. तिच्यातून बघायला डोळा वर न्यावा लागतो, आणि डोळा वर गेला की गाल दस्त्यावरून सुटतो. गाल सुटला की नेम गेला. म्हणून दस्त्यावर गालाखाली शिसवी लाकडाचा उंचवटा बसवायचा, त्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर, त्यावर चामडं. त्याला एक इंग्रजी नाव आहे आणि बाकी सगळीकडे तेच चालतं. दिगंबर मात्र त्याला उशी म्हणायचा. हा शब्द त्याचा स्वतःचा. त्याच्या शस्त्रागाराबाहेर मी तो कुठे ऐकला नाही. डोळे मिटून रायफल गालाला लावायची आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर तो विचारायचा, "उशी बसली?" कडेला काळी कोर दिसली तर उशी परत कानशीखाली.

मुनीरची उशी करताना त्याने लांबीचा, म्हणजे काचा बसवायच्या पुट्टीचा, गोळा दस्त्यावर थापून त्यात मुनीरचा गाल दाबून माप घेतलं. लोखंडे म्हणून तिसरा उमेदवार होता, त्याचंही तसंच घेतलं. माझी पाळी आली तेव्हा हसून म्हणाला, "तुझं काय माप घ्यायचं? तुझी उशी मी डोळे मिटून करतो."

आणि खरंच, सगळ्यांसमोर डोळे मिटून कानस चालवून दाखवली त्याने. पोरं खो खो हसत होती. "कासलेबाईंची उशी!" असं कुणी तरी मागून ओरडलंसुद्धा. मला वाटलं, नवरा-बायको म्हणून चिडवतायत. मी लाजले. ग्रीस आणि रॉकेलच्या वासात, वर्दीवर, चांगली घोडी झालेली मी लाजले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ती उशी मला कधी बसलीच नाही. गाल टेकवला की डोळा वर राहायचा आणि खालून काळी कोर यायची. मान दाबून, पुढे काढून बघावं तर दुर्बीण भुवईवर यायची. शिवाय उशीच्या मागच्या अंगाला अंगठ्याच्या पेराएवढी एक खाच होती, तिची कड जबड्यात रुतायची.

"ही खाच कशाला हो?" मी विचारलं होतं.

"घाम निघून जायला."

मला पथकातली ती जागा किती हवी होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भरती झाल्यापासून मी काय केलं? आरोपींना कोर्टात पोचवलं. मोर्च्यातल्या बायका उचलून गाडीत घातल्या. पुढाऱ्यांच्या सभेत उन्हात उभी राहिले. वसाहतीत मी 'आर्मररची बायको'. नेम हे एकच माझं स्वतःचं होतं. पोलीस स्पर्धांत साध्या रायफलीवर, दुर्बिणीशिवाय, पदकं आणली होती मी. विशेष पथकात तोवर आमच्याकडून एकही बाई गेली नव्हती. आणि पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हते. म्हणजे हीच संधी, नाही तर निवृत्तीपर्यंत आरोपींच्या बेडीचं दुसरं टोक हातात.

त्या संध्याकाळी भुवईवर पट्टी लावून मी मानेला गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. दिगंबर जेवत होता.

"अहो, एकदा माप तरी घ्या."

"मुनीरची बसली. लोखंडेची बसली. तुझीच बसंना, तर चूक कुणाची?"

"माझी कशी? मी काय मुद्दाम..."

"तुझं तोंडच लांब, त्याला मी काय करू? भाकरी दे."

मी भाकरी दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या उशीला स्वतःला बसवायला लागले. मान वाकडी करून, गालाचं हाड दाबून, दात आवळून. जबड्याला घट्टा पडला. हळूहळू गोळ्या टार्गेटवर यायला लागल्या, पण विस्कटलेल्या, कोंबड्यांना दाणे टाकल्यासारख्या. साहेब रोज मला रगडा द्यायचे, म्हणजे रायफल डोक्यावर धरून टार्गेटपर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. भुवई पुन्हा एकदा फुटली. मी रायफल टाकली नाही.

निवडीच्या आधीच्या आठवड्यात द्वारका फड आली. शेजारच्या जिल्ह्यातली शिपाई, उशिरा नाव आलेली चौथी उमेदवार. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, आणि बोलणं एकदम खालच्या पट्टीतलं. लहानपणी बैलाने शिंग मारलं होतं, ते हाड वाकडं जुळून उजव्या जबड्यावर एक टेंगूळ राहिलं होतं. वारा वाचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शेतातल्या जोंधळ्याच्या तुऱ्यांकडे बघून ती वारा किती, कुठून, कधी थांबेल हे सांगायची, आणि ते तसंच निघायचं.

दिगंबर मागे काही महिने तिच्याच जिल्ह्यात कामावर होता, म्हणून मी घरी विचारलं, "तुमच्या ओळखीची का ही?"

"मी होतो तेव्हा तिथं रेंजवर बाई औषधालाही नव्हती," तो म्हणाला.

मी विश्वास ठेवला. नवरा बोलला, संपलं.

दुर्बीण लावलेली एक रायफल तिलाही मिळाली, पण उशी काही मिळाली नाही. दिगंबर म्हणाला, आता वेळ नाही. तिने दस्त्याला गमछा गुंडाळून सुतळीने बांधला आणि त्यावर गाल टेकवून कसंबसं भागवलं. मला तिची दया आली. मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी, म्हणून मी तिच्यासाठी घरून डबा न्यायला लागले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी हुरडा. ती खाली मान घालून जेवायची.

"ताई, तुमच्या हाताला चव आहे," एकदा म्हणाली.

"आमच्या ह्यांना मात्र मीठ कमीच लागतं," मी म्हटलं. तिचा घास तोंडाशीच थांबला. मला वाटलं, मिरची लागली.

निवडीचा दिवस उजाडला. सकाळी रायफली तपासायच्या आणि दुपारी खरी परीक्षा, असं ठरलं होतं. सकाळी थंडी होती, टेकडीवरून बारीक वारा येत होता. रेंजच्या दोन्ही टोकांना लाल झेंडे चढले, मेंढपाळांना पलीकडे हाकललं, आणि साहेबांनी हातातली काठी बुटावर आपटली.

"आज आधी बदली फायर. परक्याच्या रायफलीवर हात बसतो का बघू. मुनीर, लोखंडे, तुम्ही बदला. कासलेबाई, तुमची द्या फडला."

द्वारका जागेवरून हलली नाही. "साहेब, मी माझ्याच रायफलीवर..."

"का? चावते का ती?"

पोरं हसली. आज ते हसणं जरा लांबलं असं मला वाटलं. दिगंबर तेलाचा डबा घेऊन लाइनच्या टोकाला उभा होता. तो म्हणाला, "साहेब, त्या रायफलीचं सेटिंग कासलेबाईंचं आहे. दुसऱ्याला जमणार नाही." बायकोला तो रेंजवर कासलेबाईच म्हणायचा.

"तेच तर बघायचं," साहेब म्हणाले.

द्वारका पालथी पडली. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. तिने डोळे मिटले, रायफल खांद्याला लावली आणि गाल टेकवला. तिची मान वाकडी झाली नाही. गाल दाबावा लागला नाही. जबड्यावरचं ते टेंगूळ उशीच्या खाचेत जाऊन बसलं, पाट्यावर वरवंटा बसावा तसं. मग तिने डोळे उघडले, आणि एकदाही न हलता पाच गोळ्या झाडल्या.

खंदकातल्या माणसाचा आवाज वॉकीटॉकीवर आला. "साहेब, पाचही एका ठिकाणी. बांगडीत मावतील."

नेमबाजाला अशा वेळी काय होतं, ते मला माहीत आहे. आपण कुठे आहोत, कोण शेजारी आहे, सगळं विसरायला होतं. द्वारका तशीच विसरली. मान वळवून, लहान पोरीसारखी हसत, लाइनच्या टोकाकडे बघून ती म्हणाली, "उशी एकदम बसली की हो!"

कुणी हसलं नाही. तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. द्वारकेने घाईने रायफल गालापासून दूर केली. दिगंबर तेलाच्या डब्याचं झाकण लावत होता. ते आधीच लागलेलं होतं.

मला काय वाटलं? आधी काहीच नाही. मग माझा हात माझ्याच जबड्यावरच्या घट्ट्यावर गेला. महिनाभर मी त्या बाईच्या गालावर गाल घासत होते.

"ताई, पाणी घ्या," मुनीर म्हणाला आणि बाटली पुढे केली. त्याने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मला वाटलं, याला हे आधीपासून माहीत होतं. मी पाणी घेतलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे मेसकडे गेले, मी रायफल घेऊन शस्त्रागारात गेले. दिगंबर एकटाच होता. मी दार लोटलं.

"माप घे," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला एकेरीत बोलले. त्याने वर पाहिलं.

"काय?"

"माझं माप घे. अजून कधी घेतलं नाहीस."

"शीले, कोण काय बोललं तुला?"

"कुणाला बोलावं लागलं नाही. तिने गाल टेकवला."

तो स्टुलावर बसला. नाकारेल, ओरडेल, असं वाटलं होतं. तसं काही केलं नाही त्याने. हाताचे तळवे पाहत म्हणाला, "तिकडं असताना तिला एक करून दिली होती. हाताला तेच वळण लागलं. तुझी करायला बसलो, डोळे मिटले, आन् हात आपोआप गेला. खरं सांगतो, मला कळलंबी नाही."

"कधी कळलं मग?"

तो बोटांचं ग्रीस पुसायला लागला.

"दिगंबर, कधी कळलं?"

"तुझी भुवई फुटली त्या दिवशी. खाचेला हात लावला, तवा."

"त्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास, माझी मान चुकायली."

"मग काय म्हणू? बदलायला घेतली असती तर तू विचारलं असतं, आधी कुणाच्या मापाची होती म्हणून."

म्हणजे माझा डोळा गेला असता तरी चाललं असतं. माझी जागा गेली असती तरी चाललं असतं. मी रोज रायफल डोक्यावर घेऊन पळत होते आणि हा सावलीत बसून बघत होता. त्या क्षणी बाईचं मला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या उशीचं वाटलं. तो बाईकडे गेला, ते एक वेळ समजू शकते. माझा नेम बिघडवून तो रोज रात्री शेजारी घोरत होता, हे मला आजही समजत नाही.

"कानस घे," मी म्हटलं.

त्याने चामडं सोललं, नमदा काढला, लाकडाची उंची उतरवली, खाच भरून काढली. मग लांबीचा गोळा थापला. मी गाल टेकवला. माझ्या डोळ्याखालचं हाड चाचपताना त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"इकडे बघ," मी म्हटलं. "नीट बघ. बायकोचं तोंड असं असतं."

लाकडाचा भुसा त्याच्या पापण्यांवर बसला होता. दुर्बीण त्याने बोटभर पुढे सरकवली, स्क्रू आवळले, नमदा परत चढवला. मग एकदम माझा हात धरला.

"कुणाला सांगू नको. तिची नोकरी नवीन आहे. चौकशी लागली तर तीबी जाईल, मीबी जाईन. पाया पडतो तुझ्या."

"नाही सांगत."

"शपथ घे."

"तुझी शपथ," मी म्हटलं.

खोटी शपथ घेतली की ज्याची घेतली तो मरतो म्हणतात. मला ते माहीत होतं. म्हणूनच त्याची घेतली.

दुपारी परीक्षा झाली. मी पालथी पडले, डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. समोर पूर्ण गोल. कुठे काळी कोर नाही, कुठे काही टोचत नाही. तीनशे मीटरवरचं टार्गेट हाताने पुसावं इतकं स्वच्छ. एवढं सोपं होतं ते! मला रडू फुटलं, आणि रडता रडता पहिली गोळी झाडायची नसते म्हणून मी थांबले, श्वास सोडला, मग झाडली. दहाच्या दहा गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात गेल्या. खंदकातला माणूस वॉकीटॉकीवर शिट्टी वाजवायला लागला. मुनीर दुसरा आला. वारा वाचण्याच्या परीक्षेत द्वारका सगळ्यांच्या पुढे.

निकाल सांगायच्या आत मी साहेबांच्या तंबूत गेले, कडक सलाम ठोकला आणि म्हटलं, "साहेब, तक्रार द्यायची आहे. आर्मरर कासले आणि शिपाई फड यांच्याबद्दल."

रणखांब साहेब चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. पोट धरून हसले.

"आज कळलं तुला?"

ते 'तुला' म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं.

"साहेब?"

"अगं, अख्ख्या रेंजला ठाऊक होतं. खंदकात टार्गेट चिकटवणाऱ्यांनासुद्धा. फडची खाचेची उशी पोरांनी तिकडच्या रेंजवर पाहिली होती. तो डोळे मिटून उशी करत होता तेव्हा पोरं का हसत होती, वाटलं तुला? फडचं नाव उशिरा आलं, ते मी मागवून घेतलं. म्हटलं बघू, ही बाई किती दिवस त्या उशीवर गाल ठेवते."

"का साहेब?"

"का म्हणजे? जरा मजा." त्यांनी पुन्हा कप उचलला. "आणि तुला सांगतो, भुवई दोनदा फुटली तरी रायफल सोडली नाहीस तू. विशेष पथकाला असलंच माणूस लागतं. तक्रार दे ना, दे. मग चौकशी बसेल, निवड लटकेल, आणि तोवर तुझं वय संपेल. नाही तर असं कर. जोडी तुमची. गोळी तुझी, वारा फडचा. नको असेल तर आत्ता बोल. मुनीर बाहेरच उभा आहे, त्याच्या हाती रायफल देतो. तू उद्यापासून कोर्टाच्या गाडीवर."

तंबूची कनात वाऱ्याने हलत होती. बाहेर दिगंबर रायफली ट्रकमध्ये चढवत होता. द्वारका खाली बसून दस्त्यावरचा गमछा सोडत होती. सुतळीची गाठ तिला सुटत नव्हती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, आणि दोघंही तंबूकडे बघत होते.

"चालेल साहेब," मी म्हटलं.

"काय चालेल?"

"जोडी चालेल."

साहेबांचं हसणं तेव्हा थांबलं. मला वाटतं, त्यांना दुसरं उत्तर अपेक्षित होतं.

त्या संध्याकाळीच मी दिगंबरचं अंथरूण ओट्यावर टाकलं. पुढे त्याने दोनदा घटस्फोट मागितला. मी दिला नाही. एकदा माझ्या भावांना मध्ये घातलं, तरी दिला नाही. त्याला तिच्याशी संसार थाटायचा होता आणि मला तो थाटू द्यायचा नव्हता, इतकी साधी गोष्ट आहे. माझी खोटी शपथ काही त्याला लागली नाही. अजून धडधाकट आहे. पण माझी उशी दर पावसाळ्यानंतर तोच नव्याने करतो, आणि माप घेऊनच करतो.

लोक म्हणायचे, कासलेबाईंचं मन मोठं, सवतीला शेजारी घेऊन काम करतात. माझं मन मोठं वगैरे काही नाही. मला ती हाताच्या अंतरावर हवी होती. मी म्हणेन तेव्हा श्वास धरणारी, मी विचारेन तेवढंच बोलणारी. घरात असती तर भांडली असती, रडली असती, कधी तरी मला तिची कीवही आली असती. ड्युटीवर तसलं काही चालत नाही.

पहिला कॉल आला तो एका जिनिंगमधून. गावठी पिस्तूल घेऊन एका माणसाने दोन मजुरांना कापसाच्या गोदामात कोंडलं होतं. समोरच्या पत्र्याच्या छपरावर आम्ही दोघी पालथ्या पडलो. पत्रा तापलेला होता. तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. गोदामाच्या खिडकीत तो माणूस मधूनच दिसत होता, मधूनच नाहीसा होत होता, आणि खालून हुकूम आला होता की दिसला तर झाडा.

"ताई," ती कुजबुजली. "त्यांनी मला सांगितलं होतं, लग्न मोडलंय म्हणून. तुमचा डबा खाल्ला तेव्हा मला कळलं, मोडलं नाही. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ताई, मला..."

"वारा सांग," मी म्हटलं.

"ताई, एकदा ऐका तरी."

"वारा."

तिने नाक ओढलं. दुर्बीण डोळ्याला लावली. कापसाचं पीस उडत होतं, त्यावर तिने नजर धरली असणार.

"डावीकडून," ती म्हणाली. आवाज फाटला. "हळू आहे."

"नीट सांग."

"डावीकडून. हळू. आता थांबला."

मी चाप ओढला. तो माणूस खिडकीतून दिसेनासा झाला आणि मजूर ओरडत बाहेर पळाले. खाली टाळ्या वाजल्या. द्वारका पत्र्यावर कपाळ टेकून हुंदके देत होती आणि मी रायफल खाली करत होते.

आम्ही दोघी पुढे चार वर्षं जोडीने पालथ्या पडलो. तिचा वारा एकदाही चुकला नाही. मी तिला कधी शाबास म्हटलं नाही.